गळती नेमकी कोठे?

आजच्या तरुणांना धड लिहिता येत नाही, वाचलेले समजत नाही आणि साधा हिशेब जमत नाही, ही तक्रार आज देशाच्या सर्व भागांत ऐकू येते. महाविद्यालयातील प्राध्यापक ती करतात, कचेरीतील वरिष्ठ करतात, कारखान्याचे व्यवस्थापक करतात. पदवीधर उमेदवाराचा अर्ज हाती आला म्हणजे त्यातील चार ओळींत सहा चुका सापडतात, आणि मग तक्रारीपाठोपाठ प्रश्न येतो, की हा दोष कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. प्राध्यापक म्हणतात, मुले माध्यमिक शाळेतूनच कच्ची येतात. माध्यमिक शिक्षक म्हणतात, प्राथमिक शाळेने पायाच घातला नाही. प्राथमिक शिक्षक म्हणतात, घरी कोणी लक्ष देत नाही. पालक म्हणतात, लक्ष देण्याइतके आम्ही शिकलो असतो तर मुलाला शाळेत कशाला घातले असते? दोषाचे गाठोडे असे एकेक पायरी खाली उतरत जाते आणि शेवटी सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर येऊन बसते. ज्याने यातले काहीही ठरवले नाही, तोच काय तो दोषी ठरतो!

या तक्रारीत तथ्य किती आणि सवय किती, हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण तक्रार नवी नाही. कलकत्ता विद्यापीठाची पाहणी करण्यासाठी १९१७ साली मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. विद्यापीठाचे पुष्कळसे काम खरे पाहता शाळेचेच काम आहे, असे त्याला आढळून आले आणि विद्यापीठात प्रवेश मॅट्रिकनंतर न देता इंटरमीजिएटनंतर द्यावा, अशी शिफारस त्याने १९१९ च्या अहवालात केली. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ साली पुन्हा हेच सुचविले, की बारा वर्षांचे शिक्षण पुरे झाल्यावाचून विद्यार्थ्याने विद्यापीठाचा उंबरठा ओलांडू नये. म्हणजे आज ज्यांची पिढी आदर्श म्हणून सांगितली जाते, त्यांच्याविषयीही त्या काळच्या जाणत्यांचे मत असेच होते.

दुसरी गोष्ट तुलनेची. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. ते चौघे होते, आणि त्या चौघांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. साऱ्या मुंबई इलाख्यातून चौघे! २०२१-२२ साली देशातील उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या चार कोटी तेहेतीस लाख होती. निवडून काढलेल्या पेटीतील आंब्यांशी साऱ्या बागेतील आंब्यांची तुलना करून बाग बिघडली असा निष्कर्ष काढणे न्यायाचे नव्हे. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे अठरा टक्के होते. उरलेल्या ब्याऐंशी जणांचे शुद्धलेखन त्या काळी कोणी तपासत नव्हते, कारण त्यांनी लेखणी हातीच धरली नव्हती. आज त्यांची नातवंडे महाविद्यालयात बसली आहेत. सरासरी खाली आल्यासारखी दिसते, ती काही अंशी दार उघडल्यामुळे, आणि दार उघडले याचे दुःख कोणा विचारी माणसाला होणार नाही.

परंतु एवढे समाधान मानून थांबता येत नाही. पूर्वीचे लोक जितके चांगले होते असे सांगितले जाते तितके ते नव्हते, हे सिद्ध केल्याने आजचे तरुण लिहिते-वाचते होत नाहीत. आजची स्थिती काय आहे हे मोजूनच पाहावे लागते, आणि सुदैवाने अशी मोजणी झालेली आहे.

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. कार्यकर्ते खेड्यातील घरोघरी जातात, मुलाला जवळ बसवतात आणि एक उतारा वाचायला व एक उदाहरण सोडवायला देतात. २०२३ साली ही पाहणी चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी झाली. सव्वीस राज्यांतील अठ्ठावीस जिल्ह्यांत सुमारे पस्तीस हजार जणांना भेटण्यात आले. त्यांतील जवळजवळ सत्त्याऐंशी टक्के कोठल्या ना कोठल्या शिक्षणसंस्थेत नाव घातलेले होते. तरीही त्यांतील सुमारे चतुर्थांशांना आपल्याच प्रादेशिक भाषेतील, इयत्ता दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून अधिक जणांना सोडवता आले नाही.

त्या पाहणीतील एक लहानसे उदाहरण विशेष बोलके आहे. मुलांना एक मोजपट्टी आणि तिच्याशेजारी ठेवलेली वस्तू दाखवण्यात आली. वस्तूचे टोक शून्यावर होते तेव्हा सुमारे पंचाऐंशी टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. मग वस्तू थोडी पुढे सरकवली. आता तिचे टोक शून्यावर नव्हते, म्हणजे शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करावयाचा होता. बरोबर उत्तर देणारे एकदम एकोणचाळीस टक्क्यांवर आले. वजाबाकी शाळेत शिकवली नव्हती असे नाही. मोजपट्टीही दाखवली होती. पण पट्टीवरचा आकडा वाचणे म्हणजे मोजणे नव्हे, दोन टोकांमधील अंतर म्हणजे लांबी, ही समजूत मुलाच्या मनात रुजलीच नव्हती. त्याला कृती पाठ होती. कृतीमागचे कारण ठाऊक नव्हते. वस्तू दोन बोटे सरकताच त्याची विद्या संपली.

जीवनात वस्तू नेहमी शून्यावर ठेवलेली नसते. याच पाहणीत, ज्यांना निदान वजाबाकी येत होती अशा मुलांना कर्जाच्या परतफेडीचा हिशेब विचारला गेला. तो करू शकणारे दहांत जेमतेम एक निघाले. हा मुलगा उद्या अठरा वर्षांचा होऊन कर्जाच्या कागदावर सही करणार आहे. दरमहा दोन टक्के व्याज म्हणजे वर्षाला किमान चोवीस टक्के, हे त्याला कोणी समजावून सांगेपर्यंत हप्ते सुरू झालेले असतील. जलसंजीवनीच्या पाकिटावरील सूचना वाचून तापाने फणफणलेल्या, जुलाब होणाऱ्या बाळाला किती पाणी द्यावे हे ठरवणे, किंवा पिकावर फवारण्याच्या औषधाचे प्रमाण डब्यावरून काढणे, ही कामे याच तरुणांकडे येणार आहेत. शैक्षणिक कौशल्य ही प्राध्यापकांच्या समाधानाची बाब असती तर तिची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यावर माणसाचा पैसा, आरोग्य आणि स्वातंत्र्य अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. ही गळती सुरू कोठे होते?

प्राथमिक शाळेची पहिली दोन वर्षे मूल वाचायला शिकते. तिसरीपासून ते वाचून शिकू लागते, किंबहुना तसे गृहीत धरून पाठ्यपुस्तक लिहिलेले असते. हा बदल कोणी घंटा वाजवून जाहीर करत नाही. जून उजाडतो, पुस्तक बदलते, आणि अक्षर-अक्षर जुळवून वाचणारे मूल मागे पडते. त्याला बाराखडी येते, पण जोडाक्षर आले की ते अडखळते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरते. पुढच्या इयत्तांत 'प्रकाशसंश्लेषण' असा शब्द समोर येतो. ज्याची सारी शक्ती तो शब्द उच्चारण्यातच खर्च होते, त्याला वनस्पती अन्न कशी तयार करतात हे कळायला मनात जागाच उरत नाही. घरची बोली शाळेच्या भाषेहून निराळी असेल, जशी मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या मुलाची असते, तर ही अडचण दुप्पट होते.

अशा वेळी मूल आपला मार्ग शोधते. ते फळ्यावरचे उतरवून घेते. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करते. परीक्षेतही तेच प्रश्न येतात, आणि पाठ केलेली उत्तरे देऊन ते पुढे सरकते. चौथी, सातवी, दहावी अशी स्थानके जातात. गाडी वेळेवर पोहोचते, पण डब्यातील उतारू मागच्याच स्थानकावर राहिलेला असतो. महाविद्यालयात गेल्यावर प्राध्यापकांना जी उणीव दिसते, ती बहुधा दहा वर्षांपूर्वीची असते.

येथे इतिहासातील एक वळण लक्षात घेण्याजोगे आहे. १९२९ साली हार्टॉग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळती आणि कुंठितता यांकडे प्रथम जोराने लक्ष वेधले. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे तीन वर्षांनी चौथीत पोहोचलेली मुले विसाहूनही कमी होती. त्या काळी मागे पडलेले मूल शाळा सोडून जाई. ते गुराखी होई, शेतात जाई, आणि शाळेच्या हिशेबातून नाहीसे होई. आज तसे होत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य झाला, १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अमलात आला, आणि बहुतेक मुले शाळेत येऊन टिकू लागली. ही फार मोठी मिळकत आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यासाठी मांडलेले विधेयक १९१२ साली अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले होते. त्यांनी मागितले ते जवळजवळ शंभर वर्षांनी मिळाले. परंतु पूर्वी जी गळती शाळेच्या दाराशी होत होती, ती आता वर्गाच्या आत होऊ लागली. मूल हजेरीपटावर आहे, शिक्षणात मात्र नाही.

या स्थितीला कोणाचा किती हातभार लागला हे पाहू गेल्यास प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडते.

शिक्षकावर पहिला रोख असतो. काही शिक्षक कामचुकार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एका वर्गात चाळीस मुले, त्यांतील दहांना वाचता येते, दहांना शब्द जुळवता येतात, उरलेल्यांना अक्षरओळखही कच्ची, आणि सर्वांना शिकवायचे पुस्तक एकच, अशा स्थितीत सज्जन शिक्षकही अखेर पुढच्या दहा मुलांशीच बोलत राहतो. देशातील एक लाखाहून अधिक शाळांत २०२४-२५ साली एकच शिक्षक होता. तोच चार इयत्ता सांभाळणार, माहितीचे तक्ते भरणार, आणि निवडणूक वा जनगणना आली म्हणजे त्या कामालाही जाणार.

मग शासन व शिक्षणखाते यांचा वाटा येतो, आणि तो लहान नाही. तपासणीस आलेला अधिकारी अभ्यासक्रम कोठवर आला हे विचारतो, मुले कोठवर आली हे क्वचितच विचारतो. जे विचारले जाते तेच पुरे केले जाते, हा कचेरीतील नियम शाळेलाही लागू आहे. पाठ संपवणे हे शिकवल्याचे प्रमाण मानले गेले, आणि न समजलेला पाठही संपू लागला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच उद्दिष्ट पुन्हा सांगितले. जे पुन्हा सांगावे लागते ते झालेले नसते.

आठवीपर्यंत नापास न करण्याच्या तरतुदीला पुष्कळ लोक सर्व दोष देतात. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या शाळांसाठी तसे नियमही झाले. या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. नापास केल्याने मूल शिकत नाही. तेच पुस्तक, त्याच रीतीने, आणखी एक वर्ष त्याच्यापुढे वाचले जाते, एवढेच. आणि पास केल्यानेही ते शिकत नाही. मूळ कायद्यात परीक्षेच्या जागी वर्षभर सातत्याने मूल्यमापन करण्याची योजना होती. कोणाला काय येत नाही हे दर आठवड्याला पाहून तेवढे पुन्हा शिकवणे, हा त्याचा अर्थ. बहुतेक ठिकाणी ते तक्ते भरण्यापुरते उरले. ढकलणे आणि अडवणे यांखेरीज शिकवणे हा तिसरा मार्गही आहे, याची आठवण वादात कोणालाच राहिली नाही.

महाविद्यालयेही या हिशेबातून सुटत नाहीत. विद्यार्थी कच्चा आहे हे पहिल्या महिन्यातच कळत असताना त्याला तीन वर्षे तसाच ठेवून शेवटी पदवी देणारी संस्था माध्यमिक शाळेकडे बोट दाखवू शकत नाही. रिकाम्या जागा तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी भरायच्या, ग्रंथालयाऐवजी मार्गदर्शक पुस्तके चालू द्यायची, अंतर्गत गुण सढळ हाताने वाटायचे, आणि मग तरुणांना लिहिता येत नाही म्हणून हळहळायचे, यात सुसंगती नाही. महाराष्ट्रात २०२५ साली दहावीच्या परीक्षेत चौऱ्याण्णव टक्क्यांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले. उत्तीर्ण होणे आणि येणे यांतील अंतर जितके वाढते, तितकी प्रमाणपत्राची पत कमी होते, आणि ज्याने खरोखर कष्ट केले त्याच्यावरही संशय येतो.

उरला तरुण आणि त्याच्या हातातील दूरध्वनी. वाचन कमी झाले, लक्ष विखुरले, हे खरे आहे, आणि त्याबाबत तरुणाने स्वतःला आवरले पाहिजे यात शंका नाही. पण मूळ कारण तेथे नाही. २०१० साली, ग्रामीण भागात स्मार्टफोन अजून पोहोचला नव्हता तेव्हा, पाचवीतील सुमारे चोपन्न टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०१८ साली हे प्रमाण सुमारे साडेपन्नास टक्के होते. म्हणजे निम्म्याच्या आसपासची मुले फोन येण्यापूर्वीही मागे पडत होती. रोग जुना आहे, फोन नंतर आला.

तेव्हा दोष वाटून घ्यायचा म्हटला तर सर्वांना पुरून उरेल इतका आहे. परंतु दोषाची वाटणी करून काम होत नाही. प्रत्येक पायरी खालच्या पायरीविषयी जे बोलते ते बहुधा खरेच असते, आणि स्वतःविषयी जे बोलत नाही तेही खरे असते. उपाय या दुसऱ्या सत्यात आहे. आपल्याकडे मूल जेथवर शिकून आले असेल, तेथून त्याला पुढे नेणे हे ज्याच्या हाती ते आले त्याचे काम, एवढे तत्त्व प्रत्येक पायरीने मान्य केले तरी साखळी उलट दिशेने चालू लागेल.

हे केवळ उपदेशापुरते नाही. या शतकाच्या आरंभी मुंबई आणि वडोदरा येथे एक प्रयोग झाला. वडोदऱ्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ सालीच आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्याच नगरातील पालिकेच्या शाळांत आता मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून वस्तीतील एखादी शिकलेली तरुणी, तिला 'बालसखी' म्हणत, वाचन आणि गणिताच्या मूळ गोष्टी शिकवू लागली. पुस्तक कोणत्या इयत्तेचे हे तिने पाहिले नाही, मुलाला काय येते ते पाहिले. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर ड्युफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या कामाची काटेकोर तपासणी केली, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसून आली. बालसखीला मोठी पदवी नव्हती, भारी वेतन नव्हते. तिला एक मोकळीक मात्र होती, जी शिक्षकाला नसते. पाठ संपवण्याची सक्ती तिच्यावर नव्हती.

अलीकडचा अनुभवही निराशेचा नाही. महामारीच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. २०२२ साली ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीतील केवळ सोळा टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' हे अभियान सुरू केले होते, ते प्रारंभिक वाचन आणि अंकज्ञान एवढ्याच गोष्टींवर भर देणारे. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण तेवीस टक्क्यांवर आले. शंभरांतील तेवीस हा अभिमानाचा आकडा नव्हे. पण दोन वर्षांत एवढी वाढ होऊ शकते, याचा अर्थ असा, की मुलांची बुद्धी कमी नव्हती आणि शिक्षकांचे हातही बांधलेले नव्हते. काय साधायचे ते एकदा नेमके सांगितले गेले आणि थोडेसे साधले.

म्हणून काम दोन ठिकाणी करावयाचे आहे. पहिले, तिसरीच्या उंबरठ्यावर. प्रत्येक मुलाला आपल्या भाषेतील साधा मजकूर समजून वाचता येतो की नाही, हे पाहिल्याखेरीज पुढचे पुस्तक त्याच्यापुढे उघडू नये. पालकाला स्वतः लिहिता-वाचता येत नसले, तरी रोज संध्याकाळी मुलाकडून अर्धे पान मोठ्याने वाचून घेणे आणि 'यात काय सांगितले आहे?' एवढे विचारणे त्याच्या हाती आहे.

दुसरे ठिकाण महाविद्यालयाचे. जे तरुण आज अठरा-वीस वर्षांचे आहेत त्यांच्यासाठी तिसरीचा वर्ग पुन्हा भरणार नाही. त्यांना कच्चे ठरवून सोडून देणे म्हणजे त्यांच्या दहा वर्षांच्या नुकसानीवर आणखी चाळीस वर्षांची भर घालणे. प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांना एक पान वाचायला, एक पान लिहायला आणि व्याजाचा एक हिशेब करायला द्यावा, जे येत नाही ते न लाजवता शिकवावे, आणि त्यासाठी वेळापत्रकात तास ठेवावा. वीस वर्षांच्या मुलाला मोजपट्टीवरील अंतर समजावून सांगायला फार तर अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणाच्या वाट्याचा, यावर वाद घालण्यात त्याची पंधरा वर्षे गेली आहेत.